एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक व्हर्च्युअल मशीन: लिनक्स सर्व्हरवरील नॅटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्याकडे केव्हीएम (व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्समधील सोय) आणि लिबव्हर्ट (ती मशीन व त्यांचे नेटवर्क सांभाळणारे सॉफ्टवेअर) बसवलेला एखादा लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर चार-सहा व्हर्च्युअल मशीन चालवायची आहेत, पण सार्वजनिक आयपी पत्ता मात्र एकच मिळालेला आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. मूळ सर्व्हरला येथे होस्ट आणि त्यावरील व्हर्च्युअल मशीनना गेस्ट म्हटले आहे. उदाहरणांत होस्टचा सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.१० असा धरला आहे. हा पत्ता दस्तऐवजांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातला आहे. आज्ञा आणि सेटिंग यांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतील.

नॅट नेमके काय करते?

पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, होस्टमधून पुढे जात असताना त्याच्यावरचा पाठवणाऱ्याचा किंवा घेणाऱ्याचा पत्ता बदलणे, झालेला बदल लक्षात ठेवणे आणि उत्तर परत आले की तो उलटा करणे, एवढेच नॅटचे, म्हणजे नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशनचे, काम आहे. गेस्टचा पत्ता १९२.१६८.१२२.५० असेल तर त्या पत्त्यावर इंटरनेटवरून उत्तर येऊ शकत नाही, कारण १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे तीन गट (तिरक्या रेघेनंतरचा आकडा गटाचा आकार सांगतो) खासगी वापरासाठी ठेवलेले आहेत आणि सार्वजनिक इंटरनेटवर त्यांचा मार्ग कोणी सांगत नाही. म्हणून बाहेर पडताना होस्ट स्वतःचा पत्ता लावतो. ही पद्धत १९९४ साली इंटरनेटविषयीच्या आरएफसी १६३१ या दस्तऐवजात मांडली गेली, तेव्हा ती पत्त्यांच्या टंचाईवरचा तात्पुरता उपाय मानली जात होती. पुढे ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील आयपीव्ही४ (आयपीची जुनी आवृत्ती) पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गट वाटून संपले, आणि तात्पुरता उपाय कायमचा झाला.

नॅटऐवजी ब्रिज का करू नये?

ब्रिज म्हणजे गेस्टना होस्टच्या बाहेरच्या नेटवर्कला थेट जोडणारा आभासी स्विच. शक्य असेल तर जरूर करावा. कार्यालयातल्या नेटवर्कमध्ये प्रत्येक गेस्टला राउटरकडून स्वतंत्र पत्ता मिळू शकत असेल, तर ब्रिज अधिक सरळ आणि तपासायला सोपा असतो. अडचण येते ती भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर. तेथे बरेचदा पुरवठादाराचा स्विच नोंदवलेल्या मॅक पत्त्याखेरीज (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाखेरीज) दुसऱ्या कोणत्याही मॅक पत्त्यावरून आलेली पॅकेट टाकून देतो, आणि तशी पॅकेट दिसली तर काही ठिकाणी स्विचवरचे ते पोर्टच (जोडणीची जागाच) बंद केले जाते. लॅपटॉपवर वाय-फायने जोडणी असेल तरीही सर्वसाधारण ब्रिज चालत नाही. अशा वेळी नॅट हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

लिबव्हर्ट आपणहून काय उभे करते?

बहुतेक वितरणांत लिबव्हर्टबरोबर 'डिफॉल्ट' नावाचे एक नेटवर्क येते. 'व्हर्श नेट-लिस्ट --ऑल' या आज्ञेने ते दिसते आणि 'व्हर्श नेट-डम्पएक्सएमएल डिफॉल्ट' या आज्ञेने त्याची व्याख्या वाचता येते. ते सुरू झाले की व्हर्बीआर० नावाचा एक आभासी ब्रिज तयार होतो, त्याला १९२.१६८.१२२.१ हा पत्ता मिळतो, आणि डीएनएसमास्क नावाचा छोटा कार्यक्रम गेस्टना १९२.१६८.१२२.२ ते १९२.१६८.१२२.२५४ या पल्ल्यातील पत्ते वाटू लागतो. नावांचे पत्ते शोधून देण्याचे, म्हणजे डीएनएसचे, कामही तोच करतो. होस्टवर आधीपासून बाइंडसारखा डीएनएस सर्व्हर सर्व पत्त्यांवर पोर्ट ५३ (येथे पोर्ट म्हणजे पत्त्यावरच्या सेवेचा क्रमांक) धरून बसला असेल, तर येथेच पहिली टक्कर होते आणि नेटवर्क सुरूच होत नाही. त्या सर्व्हरला ठरावीक पत्त्यांवरच ऐकायला सांगितले की प्रश्न मिटतो.

याशिवाय लिबव्हर्ट फायरवॉलचे नियम स्वतः लिहिते, आणि पुढच्या बऱ्याच प्रश्नांचे मूळ या नियमांत आहे. गेस्टने सुरू केलेल्या जोडण्यांना बाहेर जाऊ द्यायचे, त्यांची उत्तरे आत येऊ द्यायची, आणि बाहेरून आपणहून आलेली जोडणी नाकारायची, असा त्यांचा आशय आहे.

आयपी फॉरवर्डिंग वेगळे सुरू करावे लागते का?

आयपी फॉरवर्डिंग म्हणजे एका इंटरफेसवर (नेटवर्क जोडणीच्या टोकावर) आलेले पॅकेट दुसऱ्यावरून पुढे पाठवणे. नॅट प्रकारचे नेटवर्क सुरू करताना लिबव्हर्ट ते सुरू करते. तरीही 'नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड' या सेटिंगची किंमत १ अशी सिस्कंट्रोलच्या (प्रणालीच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये कायमची नोंदवून ठेवावी, कारण ते कोणी आणि केव्हा सुरू केले याला, डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रश्नात पुढे दिसेल त्याप्रमाणे, अनपेक्षित महत्त्व येते.

मास्करेड वापरावे की एसनॅट?

दोन्ही पाठवणाऱ्याचाच पत्ता बदलतात. मास्करेड प्रत्येक नव्या जोडणीच्या वेळी बाहेरच्या इंटरफेसचा तेव्हाचा पत्ता पाहते आणि इंटरफेस बंद पडला की त्यावरून गेलेल्या जोडण्या विसरते. म्हणून पत्ता बदलत राहतो अशा घरगुती जोडणीला ते योग्य आहे. सर्व्हरचा पत्ता स्थिर असेल, आणि विशेषतः एकापेक्षा अधिक सार्वजनिक पत्ते असतील, तर कोणता पत्ता लावायचा हे एसनॅटने स्पष्ट लिहावे असे माझे मत आहे.

दोहोंपैकी काहीही वापरले तरी नियम नेमका असावा: पाठवणारा १९२.१६८.१२२.०/२४ मधला, आणि पॅकेट बाहेरच्या इंटरफेसवरून जात असलेले. ही अट न घालता सरसकट मास्करेड केले, तर बाहेरून गेस्टकडे येणाऱ्या पॅकेटचाही मूळ पत्ता पुसला जातो आणि वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक वाचक १९२.१६८.१२२.१ याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. मग पत्त्यानुसार हल्लेखोरांना अडवणारी साधने एका हल्लेखोराबरोबर सर्वांनाच अडवून बसतात.

बाहेरचे पोर्ट गेस्टपर्यंत कसे न्यायचे?

आधी गेस्टचा पत्ता पक्का करावा लागतो. नेटवर्कच्या व्याख्येत डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) भागात गेस्टचा मॅक पत्ता आणि त्याला द्यायचा आयपी पत्ता यांची जोडी लिहावी. केव्हीएमच्या गेस्टचा मॅक पत्ता सहसा ५२:५४:०० ने सुरू होतो. 'व्हर्श नेट-अपडेट' या आज्ञेला 'लाइव्ह' आणि 'कॉन्फिग' असे दोन्ही पर्याय दिले की नेटवर्क बंद न करता ही नोंद लागू होते आणि टिकतेही. संपूर्ण नेटवर्क बंद करून सुरू करण्याचा मोह टाळावा, कारण त्यात चालू गेस्टच्या जोडण्या तुटतात.

त्यानंतर दोन कामे उरतात आणि ती एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहेत. प्रीराउटिंग साखळीत (साखळी म्हणजे एका टप्प्यावर तपासल्या जाणाऱ्या नियमांची यादी; ही मार्ग ठरण्याआधीची) डीनॅटचा, म्हणजे घेणाऱ्याचा पत्ता बदलण्याचा, नियम लिहून २०३.०.११३.१० वर पोर्ट ८०८० ला आलेल्या पॅकेटचा पत्ता १९२.१६८.१२२.५० आणि पोर्ट ८० असा बदलणे हे पहिले काम. आणि असे बदललेले पॅकेट व्हर्बीआर० कडे जाऊ द्यावे अशी परवानगी फॉरवर्ड साखळीत देणे हे दुसरे. परवानगीचा नियम पत्ता बदलून झाल्यानंतर तपासला जातो, म्हणून त्यात गेस्टचा खासगी पत्ता आणि पोर्ट ८० लिहावे लागते, ८०८० नव्हे. पत्ता बदलणे म्हणजे परवानगी देणे नव्हे, हे एकदा मनात ठसले की नॅटच्या निम्म्या तक्रारींचे कारण नुसते ऐकूनच ओळखता येते.

दोन्ही नियम लिहिले, तरी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे उत्तर येते. असे का?

बहुधा नकार गेस्टकडून येत नसून लिबव्हर्टच्या नियमाकडून येत असतो. बाहेरून आपणहून आलेल्या जोडणीला लिबव्हर्ट नुसते टाकून देत नाही, स्पष्ट नकार पाठवते, आणि त्यामुळे गेस्टमधली सेवाच बंद असल्याचा भास होतो. गेस्टवर पॅकेट पोहोचते की नाही हे टीसीपीडम्प या पॅकेट दाखवणाऱ्या साधनाने आधी बाहेरच्या इंटरफेसवर आणि मग व्हर्बीआर० वर पाहावे. पहिल्या जागी दिसले आणि दुसऱ्या जागी दिसले नाही, तर अडवणूक होस्टवरच आहे.

नियम आयपीटेबल्सच्या (लिनक्सच्या जुन्या फायरवॉल साधनाच्या) पद्धतीने लिहिले जात असतील, तर आपला परवानगीचा नियम लिबव्हर्टच्या नियमांच्या वर यायला हवा. लिबव्हर्ट नेटवर्क सुरू करताना स्वतःचे नियम पुन्हा वर घालते, म्हणून हे काम लिबव्हर्टच्या हुक स्क्रिप्टमधून करावे. ती गेस्ट सुरू होताना आणि बंद होताना चालते.

२०२४ पासूनच्या लिबव्हर्टच्या आवृत्त्या मात्र एनएफटेबल्स या नव्या फायरवॉल साधनाचा थेट वापर करू शकतात, आणि तेथे एक बारकावा आहे जो माहीत नसेल तर दिवसभराचे काम वाया जाते. एनएफटेबल्समध्ये लिबव्हर्टचे नियम त्याच्या स्वतःच्या टेबलमध्ये राहतात. एका टेबलमधल्या साखळीने पॅकेट स्वीकारले, तरी त्याच टप्प्यावरच्या दुसऱ्या टेबलमधली साखळी ते पुन्हा तपासते; स्वीकार अंतिम नसतो, नकार मात्र अंतिम असतो. म्हणजे आपल्या टेबलमध्ये कितीही वरच्या प्राधान्याने परवानगी दिली, तरी लिबव्हर्टच्या टेबलमधला नकार टिकूनच राहतो. येथे मी सुचवेन तो मार्ग असा: नेटवर्कच्या व्याख्येत फॉरवर्डचा प्रकार 'नॅट' ऐवजी 'ओपन' ठेवावा. या प्रकारात लिबव्हर्ट ब्रिज आणि पत्त्यांचे वाटप सांभाळते, पण फायरवॉलचा एकही नियम लिहीत नाही. मग मास्करेड, डीनॅट आणि परवानगी हे तिन्ही आपण एकाच फाइलमध्ये लिहायचे. सुरुवातीला काम थोडे वाढते, परंतु सर्व नियमांचा मालक एकच राहतो आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला ते वाचायचे झाले तरी एकच फाइल उघडावी लागते.

होस्टवरूनच सार्वजनिक पत्ता तपासला तर जोडणी होत नाही, बाहेरून मात्र होते. यात बिघाड आहे का?

नाही. होस्टवरच जन्मलेली पॅकेट प्रीराउटिंग साखळीतून जातच नाहीत. त्यांच्यासाठी आउटपुट साखळीत वेगळा डीनॅट नियम लागतो. म्हणून चाचणी नेहमी खरोखर बाहेरून करावी. मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

एका गेस्टवरून सार्वजनिक पत्त्यामार्फत दुसऱ्या गेस्टकडे जाताना अडते ते वेगळ्या कारणाने. घेणाऱ्याचा पत्ता बदलतो, पण पाठवणारा त्याच सबनेटमधला (पत्त्यांच्या गटातला) असल्यामुळे दुसरा गेस्ट उत्तर होस्टकडे न पाठवता ब्रिजवरून थेट पहिल्याकडे पाठवतो. पहिल्याने २०३.०.११३.१० ला विचारलेले असते आणि उत्तर येते अनोळखी १९२.१६८.१२२.५० कडून, म्हणून तो ते फेकून देतो. अशा पॅकेटचा पाठवणाराही बदलून हे सोडवता येते. पण त्याहून स्वच्छ उपाय म्हणजे नेटवर्कच्या व्याख्येतील डीएनएसच्या भागात त्या संकेतस्थळाचे नाव खासगी पत्त्याशी जोडणे, म्हणजे आतल्या मशीनना बाहेरून वळसा घालावाच लागत नाही.

पोर्ट ४४३ चा नियम टाकल्यापासून गेस्टमधून कोणतेही सुरक्षित संकेतस्थळ उघडले की प्रमाणपत्र चुकीचे दिसते. हे काय आहे?

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. डीनॅटच्या नियमात मी फक्त 'पोर्ट ४४३' एवढीच अट लिहिली होती, घेणाऱ्याचा पत्ता किंवा आत येणारा इंटरफेस लिहिला नव्हता. प्रीराउटिंग साखळीतून गेस्टची बाहेर निघालेली पॅकेटही जातात. त्यामुळे प्रत्येक गेस्टची ४४३ वरची प्रत्येक विनंती, ती जगात कुठेही निघालेली असो, माझ्याच वेब सर्व्हरकडे वळत होती आणि तो आपले प्रमाणपत्र पुढे करत होता. सॉफ्टवेअरचे अद्यतन बंद पडले, वेळेत प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले नाही, आणि दोष डीएनएसमध्ये असावा या समजुतीने मी भलतीकडेच शोधत राहिलो. नियमात घेणाऱ्याचा पत्ता २०३.०.११३.१० असा लिहिताच सर्व सुरळीत झाले. डीनॅटच्या प्रत्येक नियमात ही अट असलीच पाहिजे.

एकाच पोर्ट ४४३ वर दोन गेस्टमधील दोन संकेतस्थळे चालवता येतील का?

केवळ नॅटने येणार नाहीत. नॅटला पत्ता आणि पोर्ट दिसतो, संकेतस्थळाचे नाव दिसत नाही. त्यासाठी एनजिनएक्स किंवा एचएप्रॉक्सीसारखा रिव्हर्स प्रॉक्सी ठेवावा, पोर्ट ४४३ त्याच्याकडे न्यावे, आणि नावानुसार वाटणी त्याला करू द्यावी.

डॉकर बसवल्यावर गेस्टचे नेट का गेले?

डॉकरला फॉरवर्डिंग बंद आढळले तर ते स्वतः सुरू करते आणि त्याच वेळी फॉरवर्ड साखळीचे मूळ धोरण 'ड्रॉप' असे करते. फॉरवर्डिंग आधीच सुरू असेल तर हा बदल होत नाही. म्हणून सर्व्हर पुन्हा सुरू होताना डॉकर आधी उठले की लिबव्हर्ट, यावर परिणाम बदलतो आणि 'काल चालत होते' अशी तक्रार येते. वर सांगितलेल्या बारकाव्यामुळे, लिबव्हर्टने एनएफटेबल्सच्या आपल्या टेबलमध्ये दिलेली परवानगी या ड्रॉपपुढे टिकत नाही. उपाय दोन आहेत: फॉरवर्डिंग सिस्कंट्रोलमध्ये कायमचे सुरू ठेवणे, आणि डॉकरने वापरकर्त्यांच्या नियमांसाठी ठेवलेल्या डॉकर-यूजर साखळीत व्हर्बीआर० च्या येण्याजाण्याला परवानगी देणे. मी दोन्ही करतो. उत्तम म्हणजे डॉकर होस्टवर बसवूच नये, एखाद्या गेस्टमध्ये बसवावे.

फायरवॉलची सेवा पुन्हा सुरू केली की सर्व गेस्टचे नेट जाते. का?

डेबियनवरच्या एनएफटेबल्सच्या मूळ फाइलची सुरुवात 'फ्लश रूलसेट' या ओळीने होते. ती ओळ तुमचे जुने नियम पुसते, आणि त्यांच्याबरोबर लिबव्हर्टचे व डॉकरचेही पुसते. नंतर फक्त तुमच्या फाइलमधले परत येतात. ती ओळ काढून त्या जागी केवळ आपल्या टेबलची घोषणा करावी, लगेच तेच टेबल पुसावे, आणि मग त्याची पूर्ण व्याख्या लिहावी. आधीची घोषणा अशासाठी, की पहिल्या वेळी टेबल अस्तित्वात नसले तरी पुसण्याची आज्ञा अडखळू नये.

गेस्टसाठी कोणते सबनेट निवडावे?

होस्ट ज्या नेटवर्कमध्ये आहे, किंवा व्हीपीएनने ज्यांच्याशी जोडला जातो, त्यांच्यापैकी कोणाशीही न जुळणारे. गेस्टच्या आत पुन्हा लिबव्हर्ट बसवले, तर आतलेही १९२.१६८.१२२.०/२४ च मागते आणि दोघांची टक्कर होते. १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० घरगुती राउटरवर सर्रास असतात, म्हणून तेही टाळावेत.

जोडण्यांची संख्या वाढली की नॅट कोलमडते का?

मर्यादा दोन आहेत. प्रत्येक जोडणीची नोंद कर्नलच्या कॉनट्रॅक तक्त्यात राहते. तक्ता भरला की कर्नलच्या लॉगमध्ये 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट' असा संदेश येतो आणि नव्या जोडण्या गळू लागतात. तक्त्याची कमाल मर्यादा वाढवता येते. पण त्याआधी हे पाहावे की स्थापित टीसीपी जोडणीची निष्क्रिय नोंदही मुळात ४,३२,००० सेकंद, म्हणजे पाच दिवस, जपली जाते. ही मुदत एका दिवसावर आणली तरी बहुतेक सर्व्हरना पुरते. दुसरी मर्यादा पोर्टची: एका सार्वजनिक पत्त्यावरून एकाच दूरच्या पत्त्याच्या एकाच पोर्टकडे साधारण चौसष्ट हजार जोडण्याच एका वेळी जाऊ शकतात. वेगवेगळ्या ठिकाणी जाणाऱ्या जोडण्यांना ही मर्यादा एकत्रित लागू होत नाही, म्हणून ती क्वचितच आड येते.

पिंग चालते, पण मोठी पाने अर्धवट अडकतात. यात नॅटचा दोष आहे का?

नॅटचा नाही, पॅकेटच्या आकाराचा आहे. गेस्ट १५०० बाइटची पॅकेट पाठवतो आणि पुढचा मार्ग पीपीपीओईचा (ब्रॉडबँडवरील एका जोडणी पद्धतीचा) असेल तर तेथे १४९२ च मावतात. वायरगार्ड या व्हीपीएनच्या बोगद्यात सहसा १४२०. फॉरवर्ड साखळीत टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधील माहितीचा कमाल आकार) मार्गाच्या क्षमतेप्रमाणे कमी करण्याचा नियम घालावा, किंवा गेस्टच्या इंटरफेसचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) कमी करावा.

नॅट असताना वेगळी फायरवॉल लागते का?

लागते. नॅटमुळे बाहेरच्यांना गेस्टचा पत्ता दिसत नाही, पण त्याच्या शेजाऱ्यांना दिसतो. एकाच ब्रिजवरचे गेस्ट एकमेकांशी थेट बोलू शकतात, आणि एकाचा ताबा गेला तर इतरांपर्यंतचा रस्ता मोकळा असतो. ग्राहकांची मशीन आणि स्वतःची मशीन वेगवेगळ्या ब्रिजवर ठेवावीत, आणि प्रत्येक गेस्टच्या आत त्याची स्वतःची फायरवॉल असावी.

आयपीव्ही६ साठीही नॅट करावे का?

पुरवठादाराने पुरेसा मोठा आयपीव्ही६ गट दिला असेल तर करू नये. प्रत्येक गेस्टला खरा पत्ता द्यावा आणि परवानग्या फायरवॉलमध्ये लिहाव्यात. गट वळवून मिळत नसेल, तर लिबव्हर्टच्या नॅटच्या व्याख्येत आयपीव्ही६ चा पर्याय चालू करता येतो. एक काळजी घ्यावी: आयपीव्ही६ चे फॉरवर्डिंग सुरू होताच कर्नल राउटरच्या जाहिराती (मार्ग सांगणारे संदेश) स्वीकारणे थांबवतो, आणि होस्टचा स्वतःचा मार्ग काही वेळाने नाहीसा होतो. बाहेरच्या इंटरफेसवर 'ॲक्सेप्ट_आरए' ची किंमत २ केल्यास तो जाहिराती स्वीकारत राहतो.

एखाद्या गेस्टवरून गैरप्रकार झाल्याची तक्रार आली, तर तो कोणता गेस्ट हे कसे सांगणार?

आधीपासून नोंदी ठेवल्या नसतील तर सांगता येणार नाही, कारण बाहेरच्या जगाला सर्वांचा पत्ता २०३.०.११३.१० एवढाच दिसतो. भारतात सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था यांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि घड्याळेही अधिकृत वेळेशी जुळवून ठेवायची आहेत. नॅटच्या बाबतीत उपयोगी नोंद म्हणजे जोडणीची सुरुवात आणि शेवट यांची वेळ, गेस्टचा खासगी पत्ता व पोर्ट, बाहेर लावलेला पोर्ट, आणि दूरचा पत्ता व पोर्ट. कॉनट्रॅकच्या घटना यूलॉगडी या कार्यक्रमाकडे वळवल्या की ही सर्व माहिती फाइलमध्ये उतरते. तक्रारीत बहुधा वेळ आणि बाहेरचा पोर्ट दिलेला असतो, आणि होस्टचे घड्याळ बरोबर असेल तर त्या दोहोंवरून एकाच गेस्टपर्यंत पोहोचता येते.